फटफटीस्वाराचे शिरस्त्राण

मोटारसायकलचा इतिहास बहुधा इंजिनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. घनक्षमता, वेग, शर्यतींतील विक्रम आणि कारखान्यांची भरभराट किंवा वाताहत यांनी त्याची पाने भरतात, आणि त्या यंत्रावर बसलेल्या माणसाने अंगात काय घातले होते, डोक्यावर काय घेतले होते, याचा उल्लेख आलाच तर ओझरता येतो. वास्तविक हा विषय मध्यवर्ती मानायला हवा, कारण मोटारसायकल हे असे वाहन आहे की ज्यात स्वाराच्या भोवती वाहनाचा कोणताही भाग नसतो. मोटारीत जे काम पत्रा करतो ते येथे स्वाराच्या कपड्यांना करावे लागते.

या कपड्यांचा मागोवा घेतला तर त्यात दोन स्वतंत्र धारा आढळतात. थंडी, वारा, पाऊस, धूळ आणि डोळ्यांत जाणारी चिलटे यांच्यापासून बचाव करणारी साधने ही पहिली धारा होय. हा त्रास प्रत्येक स्वाराला प्रत्येक फेरीत होतो, त्यामुळे त्याच्यावरचे उपाय स्वारांनी स्वतःच शोधले, आणि ते वापरा म्हणून कोणाला सक्ती करावी लागली नाही. दुसरी धारा अपघातापासून बचाव करणाऱ्या साधनांची. एकेका स्वाराच्या आयुष्यात गंभीर अपघात क्वचितच येतो, अनेकांच्या येतही नाही, म्हणून स्वाराचा स्वतःचा अनुभव त्याला या साधनांची गरज पटवून देत नाही. ती गरज प्रथम दिसली ती जिथे शेकडो स्वारांचे अपघात एकाच नजरेखाली येतात अशा ठिकाणी, म्हणजे शर्यतीच्या मैदानावरील वैद्यकीय तंबूत आणि रुग्णालयाच्या वॉर्डात. हेल्मेटचा इतिहास हा म्हणूनच मुख्यतः डॉक्टरांनी केलेल्या मोजणीचा इतिहास आहे, आणि ती मोजणी स्वारांच्या गळी उतरायला प्रत्येक देशात किती वर्षे लागली याचाही.

सुरुवातीच्या यंत्रांना अपघाताचे भय फारसे नव्हते, कारण त्यांना वेगच नव्हता. जर्मनीत गोटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून जी दुचाकी तयार केली, ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डाइम्लरच्या मुलाने कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत नेली, तेव्हा धोका निघाला तो बसण्याच्या जागेखालून : इंधन पेटवण्यासाठी वापरलेली तापलेली नळी आसनाच्या थेट खाली असल्यामुळे आसनानेच पेट घेतला. १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी मालिकेने मोटारसायकली बनवायला घेतल्या, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत हे वाहन इंग्लंड, फ्रान्स व अमेरिकेत पसरले. त्या काळच्या स्वाराचा पोशाख तीन ठिकाणांहून गोळा केलेला असे. पोटऱ्यांवरचे चामडी पट्टे घोडेस्वाराचे, उलटी फिरवलेली कापडी टोपी सायकलस्वाराची, आणि लांब कोट व चष्मा उघड्या मोटारीतल्या चालकाचा. मराठीने या वाहनाला त्याच्या आवाजावरून फटफटी असे नेमके नाव दिले. त्याच्या स्वाराच्या पोशाखाला मात्र वेगळे नाव मिळण्याइतके रूपच तोवर आले नव्हते.

वेग वाढला तो शर्यतींमुळे. १९०७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण त्या एकाच वर्षी इंग्लंडच्या सरे परगण्यात ब्रुकलँड्सची काँक्रीटची, वळणांवर उंच कलती केलेली धावपट्टी सुरू झाली आणि आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन बेटावर टूरिस्ट ट्रॉफी, म्हणजे 'टीटी' या नावाने ओळखली जाणारी मोटारसायकल शर्यत प्रथम भरली. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर त्या वेळी ताशी २० मैलांची वेगमर्यादा होती आणि सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठी बंद ठेवण्यास कायद्याची मुभा नव्हती. मॅन बेटाला स्वतःचे विधिमंडळ असल्यामुळे तेथे ती मिळू शकली. १९११ पासून ही शर्यत बेटाच्या डोंगराळ भागातून जाणाऱ्या सुमारे ६० किलोमीटरच्या मार्गावर होऊ लागली. दगडी कुंपणे, गावातली घरे, फाटके आणि चढ-उतार यांतून जाणाऱ्या या मार्गाने पहिल्याच वर्षी, सरावाच्या वेळी, व्हिक्टर सरिज या स्वाराचा बळी घेतला.

ब्रुकलँड्सच्या मैदानावर डॉ. एरिक गार्डनर हे वैद्यकीय अधिकारी होते. साधारण दर पंधरवड्याला डोक्याला मार लागलेला एक तरी मोटारसायकलस्वार आपल्याकडे येतो, हे १९१४ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले. हे निरीक्षण साधे वाटते, परंतु या विषयातील पुढील सगळ्या घडामोडींचा उगम त्यातच आहे. स्वारांच्या दृष्टीने ज्या एकेक सुट्या दुर्दैवी घटना होत्या, त्यांच्यातली नियमितता एका माणसाला दिसली, कारण ते सगळे स्वार त्याच्याच टेबलावर येत होते. गार्डनर यांनी लंडनच्या बेथ्नल ग्रीन भागातील मॉस नावाच्या कारागिराकडून कॅनव्हास आणि शेलॅक यांचे शिरस्त्राण करवून घेतले. शेलॅक म्हणजे लाखेचा शुद्ध केलेला चपडा. कॅनव्हासच्या थरांत तो मुरवून वाळवला की कापडाला लाकडासारखा कडकपणा येतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. गार्डनर यांना हे दोन्ही गुण हवे होते : जोराचा आघात सोसण्याइतका टणकपणा, आणि रस्त्यावरच्या किंवा कुंपणाच्या टोकदार भागात डोके अडकून मान मुरगळू नये, ते घसरून पुढे जावे, इतका गुळगुळीतपणा. हेल्मेटचे बाह्य कवच आजही या दोन कसोट्यांवर उतरावे लागते. येथे हेही सांगायला हवे की त्या काळात जगाच्या बाजारात येणाऱ्या चपड्याचा फार मोठा भाग हिंदुस्थानच्या जंगलांतून जाई. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवरून खरवडलेली लाख इंग्लिश शर्यतवाल्यांच्या डोक्यांपर्यंत अशी पोचली होती.

शर्यतींचे नियमन करणाऱ्या ऑटो-सायकल युनियनने ही कल्पना प्रथम नापसंत केली, परंतु गार्डनर यांनी तिचे मन वळवले आणि १९१४ च्या टीटी शर्यतीत शिरस्त्राण सक्तीचे झाले. गार्डनर स्वतः ९४ शिरस्त्राणे घेऊन बेटावर गेले. एका स्वाराचे डोके फाटकावर तिरके आदळले आणि शिरस्त्राणामुळे तो वाचला. शर्यत आटोपल्यावर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने गार्डनर यांना कळवले की एरवी टीटीनंतर मेंदूला हादरा बसलेले काही रुग्ण बघायला मिळत, या वेळी तसा एकही आला नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच युरोपात महायुद्ध पेटले.

शर्यतीच्या मैदानावर झालेला हा बदल ब्रिटनच्या सार्वजनिक रस्त्यावर पोचण्यास आणखी जवळजवळ ६० वर्षे लागली. मधल्या काळात रोजच्या त्रासावरचे कपडे मात्र झपाट्याने सुधारत गेले. १९२४ मध्ये इंग्लंडमधील लाँग्टन येथे सुरू झालेल्या बेलस्टाफने मेण मुरवलेल्या सुती कापडाचे, पाणी न धरणारे कोट स्वारांसाठी बनवले. न्यूयॉर्कच्या आयर्व्हिंग शॉट यांनी १९२८ मध्ये 'पर्फेक्टो' हे चामडी जाकीट बाजारात आणले, त्याची किंमत साडेपाच डॉलर होती. बटणांच्या फटींतून वारा शिरतो म्हणून त्याला झिप लावली होती, आणि ती छातीच्या मधोमध न घेता एका बाजूला तिरकी नेल्यामुळे समोरून येणाऱ्या वाऱ्याला चामड्याचे दोन थर आडवे येत. पुढे १९५३ च्या एका अमेरिकन चित्रपटात मार्लन ब्रँडो याने असे जाकीट घातल्यापासून ते बंडखोरीचे चिन्ह मानले जाऊ लागले, पण त्याचा मूळ कट वाऱ्याचा विचार करून बेतलेला होता. त्या काळातल्या बहुतेक स्वारांच्या डोक्यावर चामड्याची मऊ टोपी असे. ती कान गरम ठेवी. आघाताच्या वेळी तिचा उपयोग शून्य होता.

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स यांची मोटारसायकल सायकलवरून चाललेल्या दोन मुलांना चुकवताना घसरली. पहिल्या महायुद्धातील अरब उठावामुळे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला माहीत झालेले हे गृहस्थ नंतर प्रसिद्धीपासून दूर जाण्यासाठी नाव बदलून हवाई दलात साधे सैनिक झाले होते आणि त्या सेवेतली काही वर्षे त्यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कराचीच्या तळावर आणि नंतर सरहद्दीवर मीरानशाह येथे काढली होती. ब्रफ सुपीरियर या त्या काळच्या अत्यंत महागड्या आणि वेगवान मोटारसायकली हा त्यांचा एकमेव चैनीचा विषय होता; एकामागून एक अशा सात त्यांनी वापरल्या आणि आठवीची मागणी नोंदवली होती. अपघातानंतर सहा दिवस बेशुद्धीत राहून वयाच्या ४६ व्या वर्षी ते वारले. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते.

त्यांच्या उपचारासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. ऑस्ट्रेलियात जन्मलेले केर्न्स अमेरिकेत हार्वी कुशिंग या मेंदूशस्त्रक्रियेच्या आद्य आचार्यांकडे शिकलेले होते, आणि १९३७ मध्ये ऑक्सफर्ड येथे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. लॉरेन्स यांचा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही असे त्यांच्या पुढील कामावरून दिसते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या जवानांची मोठी भरती झाली, आणि रात्री दिवे झाकण्याची सक्ती असल्यामुळे त्यांना अंधाऱ्या रस्त्यांवरून धावावे लागे. ऑक्टोबर १९४१ मध्ये केर्न्स यांचा एक लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर १,८८४ मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले लोक मरण पावले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत, पेट्रोलला रेशन असून रस्त्यावरची वाहने कमी झाली असतानाही, ही संख्या २,२७९ वर गेली. आघाताच्या वेळी शिरस्त्राण घातलेले रुग्ण केर्न्स यांना शोधूनही फक्त सात सापडले, आणि त्या सातही जणांच्या डोक्याची इजा जिवावर बेतलेली नव्हती.

सात हा आकडा शास्त्रीय सिद्धतेसाठी अगदी तोकडा होता आणि केर्न्स यांनी तो सिद्धता म्हणून पुढे केलाही नाही. आपल्या लेखाचे बळ त्यांनी नियमित नोंदी ठेवण्याच्या आग्रहात घातले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लष्कराने कामावर असलेल्या प्रत्येक मोटारसायकलस्वाराला शिरस्त्राणाची सक्ती केली, त्यामुळे त्यांना हजारो डोक्यांवरचा अनुभव उपलब्ध झाला. १९४३ मध्ये त्यांनी ए. एच. एस. होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञासह दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९४६ मध्ये युद्धकाळातील मृत्यूंचा महिनावार आलेख काढून नोव्हेंबर १९४१ नंतर तो कसा उतरत गेला हे दाखवले. होलबर्न यांचे काम विशेष मोलाचे आहे. जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून त्यांनी दाखवले की मेंदूला इजा होण्यासाठी कवटी फुटलीच पाहिजे असे नाही. डोक्याला एकाएकी गिरकी बसली तर आतला मऊ मेंदू कवटीच्या मागे राहतो आणि त्याच्यातले धागे ताणले जाऊन तुटतात. कवटी शाबूत असलेला माणूस बेशुद्ध का होतो आणि कधी कधी शुद्धीवर येतच नाही, याचे हे पहिले नीट स्पष्टीकरण होते.

केर्न्स १९५२ मध्ये वारले. ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले ते १ जून १९७३ रोजी, म्हणजे त्यांच्या पहिल्या लेखानंतर ३२ वर्षांनी. त्या ३२ वर्षांत जे स्वार गेले त्यांच्यापैकी कितीजण वाचले असते हे मोजता येत नाही, पण केर्न्स यांचे लेख वाचताना हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

हेल्मेटच्या रचनेतला पुढचा मोठा टप्पा अमेरिकेतला आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात वैमानिकांच्या बचावावर काम करणाऱ्या चार्ल्स लोम्बार्ड यांनी हर्मन रॉथ यांच्यासह १९५३ मध्ये एका शिरस्त्राणाचे पेटंट मिळवले, आणि त्यात कडक कवचाच्या आत दाबला गेल्यावर चेपून राहणारा थर बसवला होता. तोवर शिरस्त्राणाच्या आत पट्ट्यांचा झोका असे किंवा मऊ गादी असे. मऊ गादी दाबली की पुन्हा उसळी मारते, म्हणजे आघातातली शक्ती ती साठवून डोक्याला परत देते; चेपणारा थर ती शक्ती स्वतःच्या मोडतोडीत खर्च करून टाकतो. आजच्या हेल्मेटमधला हा थर बारीक मण्यांच्या फुगवलेल्या पॉलिस्टायरिनचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला थर्मोकोल म्हणतात त्याच जातीच्या पण अधिक दाट पदार्थाचा असतो. जुने हेल्मेट उकलून कापडी अस्तर बाजूला केले तर सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा तो पांढरा किंवा काळा थर दिसतो, आणि अंगठ्याच्या नखाने दाबले तर खळगा पडतो तो पडलेलाच राहतो. डोके फरशीवर आदळले तर त्याला थांबायला जवळजवळ काहीच अंतर मिळत नाही. हा थर ते अंतर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने वाढवतो, आणि तेवढ्याने मेंदूवरचा ताण अनेक पटींनी उतरतो. कॅलिफोर्नियातल्या बेल गावी मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या रॉय रिक्टर यांनी या तत्त्वावरची हेल्मेटे १९५४ पासून विकायला काढली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस हनुवटीपर्यंत सगळा चेहरा झाकणारे हेल्मेट आणले. १९५६ मध्ये पीट स्नेल या शर्यतपटूचा डोक्याच्या इजेने मृत्यू झाला, त्यांच्या स्मरणार्थ पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने बाजारातली हेल्मेटे फोडून तपासण्याची पद्धत घालून दिली.

अंगावरच्या कपड्यांचा इतिहास याच सुमारास वळण घेतो, पण ते वळण शर्यतीच्या मैदानाबाहेर उशिराच आले. जेफ ड्यूक या इंग्लिश स्वाराने १९५० च्या सुमारास एका शिंप्याकडून अंगाला घट्ट बसणारा अखंड चामडी पोशाख शिवून घेतला, तो वाऱ्याला कमी अडावा म्हणून, पण रस्त्यावरून घसरताना कपडा वर सरकून कातडी उघडी पडत नाही हा त्याचा लाभ लवकरच कळला. इटलीत लिनो दाइनेझे यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून पाठीच्या कण्यावरचे कवच आणि पुढे फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असलेले पोशाख आले; जागतिक मोटोजीपी शर्यतींत अशी पिशवी २०१८ पासून सक्तीची आहे.

कायद्याची वाट प्रत्येक देशात खडतर होती. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जानेवारी १९६१ पासून सर्व स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९६७ मध्ये रस्तेबांधणीचा निधी या अटीशी जोडला, त्यामुळे १९७५ पर्यंत ४७ राज्यांनी कायदे केले. १९७६ मध्ये संसदेने ती अट काढून घेतल्याबरोबर अनेक राज्यांनी आपापले कायदे रद्द किंवा सौम्य केले. ब्रिटनने १९७६ मध्ये पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट दिली. या सर्व वादात एक अभ्यास फार महत्त्वाचा ठरला : दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० अपघातांच्या ठिकाणी पथक पाठवून, खुणा मोजून, तुटलेली हेल्मेटे तपासून १९८१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. अपघाताच्या क्षणी मोटारसायकलचा मध्यक वेग, म्हणजे निम्मे अपघात ज्याच्या खाली आणि निम्मे वर असा वेग, ताशी २१.५ मैल, म्हणजे साधारण ३५ किलोमीटर निघाला. हेल्मेटमुळे ऐकू येत नाही, दिसत नाही किंवा मानेला इजा होते या आक्षेपांना त्या अपघातांत कोणताही आधार मिळाला नाही.

भारतात दुचाकी लोकांचे वाहन झाली ती स्वातंत्र्यानंतर. लष्कराच्या मागणीवरून मद्रासला १९५५ मध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली; इराणी कुटुंबाच्या पुढाकाराने म्हैसूरला जावा आणि नंतर येझदी निघू लागली, फरिदाबादहून राजदूत आली, मुंबईत भांडुपला लॅम्ब्रेटा आणि पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटर तयार होऊ लागल्या. महाराष्ट्राच्या खेड्यांत राजदूत आणि बुलेट ही दोन्ही बाजूंना दुधाची कॅन लटकवलेली कामाची वाहने होती, आणि त्यांच्या स्वाराच्या डोक्यावर टोपी किंवा गुंडाळलेले उपरणे असे. भारतीय बनावटीची हेल्मेटेही हळूहळू मिळू लागली. आंध्र प्रदेशच्या हेल्मेटसक्तीच्या नियमाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये फेटाळले आणि अशी सक्ती संचारस्वातंत्र्यावर घाला नाही असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी संमत झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने दुचाकी चालवणारा आणि तिच्यावर बसलेला अशा दोघांनाही शिरस्त्राण बंधनकारक केले, पगडी बांधणाऱ्या शिखांचा अपवाद ठेवून. भारतीय मानक संस्थेच्या ४१५१ क्रमांकाच्या मानकात न बसणारी दुचाकीची हेल्मेटे विकण्यास १ जून २०२१ पासून पूर्ण बंदी आली.

मराठी वाचकाला 'हेल्मेटसक्ती' हा शब्द परिचित झाला तो मुख्यतः पुण्यामुळे. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाने लुना, स्कूटर आणि मोटारसायकल यांचा एवढ्या प्रमाणावर स्वीकार केला की दुचाकीशिवाय तेथील मध्यमवर्गीय घराची कल्पनाच करता येत नाही, आणि याच शहराने हेल्मेटच्या सक्तीला देशात सर्वांत चिवट विरोध केला. दोन दशकांच्या काळात अंमलबजावणीचे प्रयत्न वारंवार सुरू झाले आणि थंडावले. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी पुन्हा कारवाई हाती घेतली तेव्हाही मोर्चे निघाले. विरोधकांचा मुख्य मुद्दा असा की शहरातल्या गर्दीत वाहन ताशी २०-२५ किलोमीटरच्या वर जातच नाही, हेल्मेट महामार्गावर घालावे. या मुद्द्याला उपहासाने बाजूला सारणे योग्य नाही, कारण तो रोजच्या खऱ्या अनुभवावर उभा आहे. परंतु तो अपुऱ्या हिशेबावरही उभा आहे. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते, आणि तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी जवळपास २० किलोमीटर असतो. म्हणजे गाडी पूर्ण थांबलेली असताना तोल जाऊन डोके पदपथाच्या कडेवर आदळले, तरी कवटीला बसणारा फटका मरणाला पुरेसा होऊ शकतो. हर्ट यांच्या अहवालातला मध्यक वेगही महामार्गाचा नव्हे, शहरातल्या रस्त्याचाच आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या दोन धारा पुण्याच्या रस्त्यावर एकाच व्यक्तीच्या अंगावर दिसतात. स्कूटरवरून कॉलेजला किंवा कचेरीत जाणारी तरुणी डोके, कान, नाक आणि तोंड स्कार्फने असे आवळून बांधते की फक्त डोळे उघडे राहतात. त्यावर गॉगल, दंडापर्यंत पोचणारे पांढरे हातमोजे आणि उन्हाळ्यात सनकोट चढवते. हा पोशाख कोणत्याही कायद्याने सांगितलेला नाही, कोणी तो विकत घ्या म्हणून मोहीम काढलेली नाही. ऊन आणि धूळ यांनी तो शिकवला आणि एकीचे पाहून दुसरीने उचलला. इतकी काटेकोर तयारी करणाऱ्या या शहराला निष्काळजी म्हणता येणार नाही. गैरसोयीचे कारणही नीट टिकत नाही, कारण तो स्कार्फ बांधायला हेल्मेट घालण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ऊन रोज दिसते, पडणे दिसत नाही, एवढाच फरक आहे. दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत हौसेने मोटारसायकल चालवणाऱ्यांचे गट रविवारी पहाटे ताम्हिणी किंवा वरंध घाटाकडे निघतात तेव्हा कोपर, खांदे, गुडघे यांवर कवच असलेली जाकिटे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि बोटांच्या सांध्यांवर टणक आवरण असलेले हातमोजे घालतात. गटात एखाद्याचा अपघात झाला की तो सगळ्यांना कळतो. डॉक्टरच्या टेबलावर जे घडते त्याचा लहानसा अंश गटात घडतो, आणि म्हणूनच बहुधा तेथे सक्तीची गरज पडत नाही.

भारतीय दुचाकीने जगाला दिलेले एक बचावाचे साधन या इतिहासात सहसा कोणी धरत नाही, ते म्हणजे साडी गार्ड. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकाच्या आऱ्यांत ओढली जाऊन ती फरफटत जाण्याचे अपघात होऊ लागले, तेव्हा डाव्या बाजूला चाकाचा निम्मा भाग झाकणारी तारांची किंवा पत्र्याची जाळी आली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने ती, मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ आणि पाय ठेवायची जागा यांच्यासह, बंधनकारक केली. युरोपातल्या आराखड्यात मागचा प्रवासी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेला असतो, त्यामुळे हा धोका तेथील अभियंत्यांना दिसणारच नव्हता. हौशी मंडळी नवी मोटारसायकल घेतल्यावर ती जाळी गाडीला शोभत नाही म्हणून प्रथम काढून टाकतात, हे पाहून वाईट वाटते.

मागे बसणाऱ्याच्या डोक्याची गोष्ट त्याहून मागे राहिली आहे. डबलसीट बसलेल्या माणसाला कायद्याने पहिल्यापासून हेल्मेट सांगितले असले, तरी मुंबईत त्याच्यावर कारवाई सुरू झाली ती जून २०२२ मध्ये. चार वर्षांखालील मुलाला चालवणाऱ्याच्या अंगाला बांधून ठेवणारा पट्टा आणि त्याच्या मापाचे शिरस्त्राण हवे, असा केंद्राचा नियम त्याच वर्षी फेब्रुवारीत निघाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात हेल्मेट नसलेल्या मृतांचे स्वतंत्र कोष्टक असते. २०२२ च्या कोष्टकात अशा मृतांची संख्या ५०,०२९ आहे. त्यांपैकी ३५,६९२ जण गाडी चालवत होते आणि १४,३३७ जण मागे बसले होते.

पुण्याच्या टेकडीवर, कोथरूडच्या बाजूला, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनचा परिसर आहे. तेथील प्रयोगशाळेत ज्या वस्तू मानकांनुसार तपासल्या जातात त्यांत हेल्मेटही असते. अशा तपासणीत माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या धातूच्या गोळ्यावर हेल्मेट चढवतात, हनुवटीखालचा पट्टा आवळतात, गोळ्याच्या आत वेगातला बदल नोंदवणारे यंत्र असते, आणि ठरलेल्या उंचीवरून ते पोलादी ऐरणीवर सोडतात. पट्ट्याला वेगळा झटका देऊन तो किती ताणला जातो तेही मोजतात, कारण पट्टा सुटला तर कवच आणि डोके आघाताआधीच वेगळे होतात. एकदा आदळलेल्या हेल्मेटचे कवच कित्येकदा वरून जसेच्या तसे दिसते. आतला पांढरा थर मात्र त्या जागी चेपलेला असतो आणि पुन्हा फुगत नाही, म्हणून नमुना म्हणून आलेले ते हेल्मेट परत बाजारात जात नाही.